गावाबद्दल गावालाच काय सांगायचं? आमच्या वाचनालयाच्या साहित्य उत्सवाची हकीकत

डिसेंबरात आमच्या वाईतल्या छोट्या वाचनालयाने दोन दिवसांचा साहित्य उत्सव केला, त्याला आता दोन महिने होत आले. तेव्हापासून आजूबाजूच्या तालुक्यांतले कार्यवाह फोन करतात. परवानग्या कुठून काढल्या, पैसे किती लागले, पाहुणे कोण आणले? दरवेळी अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा एकदा सगळं क्रमाने लिहून टाकते. मी कार्यकारी मंडळावर सहकार्यवाह आहे. म्हणजे ज्या कामाला कोणी हात वर करत नाही ते माझ्याकडे येतं.

विषय निघाला जून २०२४च्या मासिक सभेत. आमचा वार्षिक कार्यक्रम म्हणजे पुण्याहून एक वक्ता, हार, नारळ, दीड तासाचं भाषण आणि समोर तीच ओळखीची पांढरी डोकी. वाईला व्याख्यानांचं अप्रूप नाही. मे महिन्यातली वसंत व्याख्यानमाला इथे किती जुनी आहे ते सगळ्यांना माहीत आहे, आणि आमचा कार्यक्रम म्हणजे तिचीच छोटी नक्कल. त्या सभेत आमच्या ग्रंथपालताई म्हणाल्या, "कपाटभर प्रवासवर्णनं आहेत आपल्याकडे. लोक युरोप वाचून परत आणून देतात. पण कोणी वाईबद्दल मागितलं तर मी काय देऊ?" गॅझेटियर, दोन-तीन स्मरणिका, एक स्थलमाहात्म्य, एवढंच निघालं. मग यंदा गाव हाच विषय घेऊ, असं ठरत आलं. तेवढ्यात आमचे अध्यक्ष म्हणाले, "गावाबद्दल गावालाच काय सांगायचं? रोज बघतातच की."

आक्षेप बिनतोड होता. मला त्याचं उत्तर सापडलं ते सिनेमात. आमचा घाट हिंदी सिनेमात कधी बिहारचा होतो, कधी उत्तर प्रदेशचा. मेणवलीचा घाट आणि नाना फडणवीसांचा वाडा देशभर लोकांनी पाहिलाय, पण मेणवली म्हणून नव्हे. जे गाव पडद्यावर सतत दुसऱ्याच गावाचं सोंग घेतं, त्याने एकदा स्वतःच्या नावाने उभं राहायला काय हरकत आहे, असं मी म्हटलं. अध्यक्ष हसले आणि ठराव झाला.

ठरावावरून पहिली सूचना. तोंडी ठरलं की कामाला लागू नका. इतिवृत्तात ठराव नीट लिहून घ्या: उत्सवाला मंजुरी, उपसमितीची नावं, खर्चाची कमाल मर्यादा, सह्या कोणाच्या चालतील. पुढे परवानगीच्या अर्जाला आणि देणगीच्या पत्राला आम्ही या ठरावाची प्रत जोडत गेलो. आमची मर्यादा होती ९०,००० रुपये. शासनाच्या अनुदानाला हात लावायचा नाही, हेही तिथेच लिहिलं. ते दोन हप्त्यांत येतं आणि कर्मचाऱ्यांचा पगार, पुस्तकं, नियतकालिकं यांतच संपतं. शिवाय हिशेब वेगळा राहिला की तपासणीच्या वेळी डोकं शांत राहतं.

जुलै-ऑगस्ट देणग्या मागण्यात गेले. इथे कागदाचं काम वाटतं त्यापेक्षा जास्त आहे, पण एकदा समजलं की सोपं. आमच्या संस्थेला आयकराच्या ८०जी कलमाची मान्यता आहे, म्हणजे देणगीदाराला करात सवलत मिळते. दोन हजारांवरची देणगी रोख घेतली तर देणगीदाराला सवलत मिळत नाही, म्हणून त्यापुढची रक्कम धनादेशाने किंवा यूपीआयनेच घ्या. पावती फाडतानाच पॅन, पूर्ण नाव, पत्ता लिहून घ्या. आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत दहा-बीडी हा देणग्यांच्या तपशिलाचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो आणि त्यातूनच देणगीदाराला दहा-बीई प्रमाणपत्र मिळतं. पॅन तेव्हा मागायला निघालात तर अर्धे लोक फोन उचलत नाहीत. खर्चाच्या बाजूनेही तसंच: दहा हजारांवरचं एकही बिल रोखीने भागवू नका, हे आमच्या हिशेबनिसांनी पहिल्याच दिवशी बजावलं.

एका मोठ्या देणगीदाराने पंचवीस हजारांचा शब्द दिला होता. निवडणूक झाली आणि शब्दही गेला. त्याचं नाव मांडवाच्या फलकावर छापलं नव्हतं, हे नशीब. पैसे खात्यात आल्याशिवाय नाव छापायला टाकायचं नाही, हा नियम ग्रंथपालताईंचा. बाकीची रक्कम पाचशे-हजाराच्या पावत्यांनी जमली. बाजारपेठेतले हळदीचे व्यापारी, दोन डॉक्टर, पुण्यात स्थायिक झालेले माजी वाचक. ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, त्या आठवड्यात देणगी मागणं फार सोपं गेलं. लोक आपणहून विचारत होते, "वाचनालय काय करतंय मग?" अशी हवा आठवडाभरच टिकते, तेवढ्यात पावती पुस्तक घेऊन बाहेर पडावं.

तारीख ठरवताना पंचांग, शाळेचं वेळापत्रक आणि लग्नाचे मुहूर्त तिन्ही समोर ठेवले. फेब्रुवारीत दहावी-बारावी. थंडी सरत आली की एकेका आळीच्या घाटावर कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव सुरू होतो, तेव्हा गावाकडे दुसऱ्या कशालाही वेळ नसतो. डिसेंबरातला दुसरा शनिवार म्हणजे १४ तारीख, त्या दिवशी दत्तजयंती. म्हणून २१ आणि २२ डिसेंबर. २१ म्हणजे वर्षातला सगळ्यात लहान दिवस, हे लक्षात आलं तेव्हा निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या. काही बिघडलं नाही, मात्र घाटावरचे दिवे साडेपाचलाच लावावे लागले, कारण ऊन त्याआधीच पाचगणीच्या डोंगराआड जातं.

आता परवानग्या. १५ ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. आमचा उत्सव निकालानंतरचा, राजकीय पाहुणा एकही नाही, तरी टेबलांवर अर्ज हलेनात. सगळे निवडणुकीच्या कामात. एका कार्यालयात तर आमचा अर्ज आलाच नाही असं सांगितलं गेलं. मी दुसऱ्या प्रतीवरचा आवक क्रमांक आणि शिक्का दाखवला तेव्हा तो एका पिवळ्या फाइलमध्ये सापडला. ही दुसरी सूचना अधोरेखित करून घ्या: प्रत्येक अर्ज दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही घेतल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. २० नोव्हेंबरला मतदान, २३ला निकाल. त्यानंतरच्या आठवड्यात सगळे कागद हातात आले.

ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून. रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हे सगळ्यांना माहीत असतं. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असू शकतं, हे मात्र विसरलं जातं. आम्ही आधी धरलेली मोकळी जागा एका दवाखान्याजवळ होती, म्हणून संध्याकाळची सत्रं घाटावर नेली. ते फार बरं झालं. नाटक बसवायचं कोणीतरी सुचवलं होतं, पण त्याला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि आमच्याकडे वेळ नव्हता. आम्ही अभिवाचनावर थांबलो. प्रकाशित पुस्तकातला बेताचा उतारा जाहीर वाचायला कायद्याची आडकाठी नाही. अख्खी कथा वाचणार असाल किंवा तिचं रेकॉर्डिंग पसरवणार असाल तर लेखकाची, तो नसेल तर वारसांची लेखी परवानगी घ्या. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हा हक्क चालतो.

एवढं सगळं लिहिलं तरी खरं सांगते, कागद ही या कामातली सोपी बाजू. अवघड होतं ते माणसं बोलती करणं. बाहेरचा साहित्यिक एका फोनवर तारीख देतो. ज्याने सारी हयात या नदीकाठी काढली तो म्हणतो, "मला काय येतंय बोलायला?" आणि विषय बदलतो.

आमच्या यादीत पहिलं नाव होतं हळदीच्या कामावर वर्षानुवर्षं गेलेल्या एका मावशींचं. सप्टेंबरात त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी चहा दिला, नातवाचं लग्न कधी आहे ते सांगितलं आणि माइकचं नाव काढताच हात जोडले. पुढच्या खेपेला मी वही नेली नाही. दाराशी बसून शेंगा निवडल्या. तेव्हा त्या आपणहून काहिलीवर आल्या. हळद शिजताना वाफ कशी अंगावर येते, वाळवणाला किती दिवस लागतात, हातांचा पिवळेपणा सणाच्या साडीला कसा लागायचा. त्यांना विचारलं, हेच घाटावर सांगाल का? म्हणाल्या, "तू शेजारी बसशील तर." मग आम्ही भाषणं रद्दच केली. प्रत्येक वक्त्याशेजारी त्याच्या ओळखीचा एक माणूस बसवायचा, खुर्च्या नाहीत, पायऱ्यांवरच, आणि माइक दोघांच्या मधे. छोट्या गावात काही करणार असाल तर एवढं तरी उचलाच.

दुसरे एक काका. मराठी विश्वकोशाचं कार्यालय वाईत, त्यामुळे मुद्रितं तपासण्यात आयुष्य घातलेली माणसं आमच्या गल्लीबोळांत भेटतात. विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या काळच्या गोष्टी ते सांगतील असं आम्हाला वाटत होतं. काकांनी आधी आमची माहितीपत्रिका मागून घेतली आणि तीन दिवसांनी लाल शाईने रंगवून परत दिली. ढोल्या गणपतीचं देऊळ 'रास्त्यांनी बांधलं' असं आम्ही लिहिलं होतं. त्यांनी समासात लिहिलं: 'कोणत्या? गणपतराव भिकाजी रास्ते, १७६२.' देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी तिच्यावर फुटून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून, हे वाक्य त्यांनी ठेवलं. 'जगप्रसिद्ध' हा शब्द चारही ठिकाणचा खोडला. 'पुरातन'ही खोडला आणि त्यावर लिहिलं, 'सन द्या, नाहीतर गाळा.' पत्रिका निम्म्यावर आली आणि वाचनीय झाली.

तिसऱ्या गोष्टीवरून मंडळात वाद झाला. धोम धरणात जमिनी गेलेल्या माणसांना बोलवायचं का? एक सदस्य म्हणाले, उत्सवात रडारड नको. मी अडून बसले. कृष्णेच्या घाटांचं कौतुक करायचं आणि वर नदी अडवली तिथे पाण्याखाली काय गेलं ते विचारायचं नाही, हे मला पटेना. शेवटी रविवार सकाळची वेळ मिळाली, चाळीस मिनिटं.

बाहेरून आम्ही फक्त एक लेखक बोलावले, तेही जिल्ह्यातलेच. मानधन सगळ्यांना सारखं, एक हजार रुपये आणि एक पुस्तक. लेखकालाही, हळदीच्या मावशींनाही. यावर लेखक खूश झाले. कुरकुर केली ती मंडळातल्याच एकांनी.

मांडव, खुर्च्या आणि सतरंज्या २१,००० रुपये. डिसेंबरात लग्नसराई असते, सप्टेंबरात ठरवून आगाऊ रक्कम दिली म्हणून एवढ्यात झालं. तीन दरपत्रकं घ्या, फाइलला लागतात. ध्वनी आणि दिवे १४,५००, चहा-नाश्ता आणि वक्त्यांची जेवणं १७,२००, छपाई ६,८००, रेकॉर्डिंगला ५,०००. पुस्तकविक्रीच्या टेबलासाठी प्रकाशकांना पत्र लिहिलं तर विक्री-परतीच्या बोलीवर पुस्तकं मिळतात. न खपलेली परत, खपलेल्यांवर वाचनालयाला कमिशन. दोन प्रकाशकांनी लगेच होकार दिला.

शनिवारी सकाळी साडेसातला गंगापुरीच्या घाटावरून फेरी निघाली. थंडी अशी की निम्मे लोक मफलरमध्ये. मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी असं चालत प्रत्येक घाटावर एक छोटा उतारा वाचायचा, माइक नाही. मला धाकधूक होती की माणसं येणारच नाहीत. आली, आणि आमच्या अंदाजापेक्षा निराळी आली: नेहमीच्या पांढऱ्या डोक्यांमागे दूधवाला, दोन रिक्षावाले, पाचगणीला निघालेलं एक कुटुंब. गणपती आळीत काकांनी देवळाच्या मागच्या भिंतीला हात लावून पूर कुठवर चढतो ते दाखवलं आणि सगळे जण आळीपाळीने हात लावून आले. वाचायचा उतारा तिथे मी गाळला. गरज उरली नव्हती.

संध्याकाळी शूटिंगवाल्यांचं सत्र. कोणी गर्दीत उभं राहिलेलं, कोणी भाड्याने बैलगाडी दिलेली, कोणी आपली ओसरी. एक शेतकरी म्हणाले, "माझा बैल तीन सिनेमांत बिहारी होता. मला एकातबी घेतलं न्हाई." हशा थांबेना. पण नंतर एका बाईंनी सांगितलं, त्यांच्या वाड्याच्या दाराला शूटिंगसाठी निळा रंग दिला गेला आणि पुन्हा मूळचा द्यायचं राहूनच गेलं. आता पाहुणे पत्ता विचारत येतात ते 'निळं दार' असाच. साडेनऊला आम्ही माइक बंद केला, अर्धा तास हाताशी ठेवून.

रविवारी धरणाचं सत्र. सत्तरीपलीकडचे एक आजोबा. त्यांनी ना तक्रार केली, ना मोबदल्याचा आकडा सांगितला. बुडालेल्या शेतांची नावं घेत गेले, बोटांवर मोजत. मळई. चिंचेची पट्टी. खळ्याकडचं. थोरल्या विहिरीचं. म्हातारीचा तुकडा. एका नावाशी अडले, शेजारी बसलेल्या पुतण्याकडे बघितलं. पुतण्याला ते माहीत नव्हतं. सभेतून एक आजी उठल्या आणि त्यांनी ते नाव सांगितलं: "येळवाचं." आजोबा म्हणाले, "हां, येळवाचं," आणि पुढची बोटं मोजायला लागले. रडारड नको म्हणणारे सदस्य शेवटपर्यंत बसून होते.

दुपारी नकाशा. चित्रकलेच्या शिक्षकांनी बारा फूट मांजरपाटावर नदी आणि मोठे रस्ते तेवढे रेखले होते. ज्याला जी जागा ज्या नावाने ठाऊक आहे, त्याने ते नाव लिहायचं. साठीच्या पुढच्यांनी लाल, मुलांनी हिरव्या रंगात. शाळेकडून मुलं आणायची तर मुख्याध्यापकांना पत्र आणि पालकांची संमतीपत्रं आधी घ्या. आम्ही नोव्हेंबरातच घेतली, कारण डिसेंबरात शाळा स्नेहसंमेलनात बुडालेल्या असतात. तासाभरात कापड भरलं. लाल नावं बहुतेक झाडांची आणि विहिरींची, त्यांतली निम्मी झाडं आता नाहीत. हिरवी नावं दुकानांची, क्लासची, एका चिडक्या कुत्र्याची. एकाच वळणावर लाल अक्षरांत 'पिंपळाचा कोपरा' आणि हिरव्यात 'मोमोवाला'. पिंपळ नेमका कुठे होता यावरून दोन आजोबांची जुंपली. तो वाद अजून मिटलेला नाही, म्हणून नकाशावर पिंपळ दोन आहेत.

एकूण खर्च ८३,५०० रुपये झाला. देणग्या ७९,००० आणि पुस्तकविक्रीचं कमिशन ६,२००. शिल्लक १,७०० रुपये, ते वाचनालयाच्या खात्यात जमा. बिलं पंधरा दिवसांत गोळा करा, नंतर मांडववालाही विसरतो आणि आपणही. आठ दिवसांत फोटो आणि कात्रणांसह अहवाल करून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिला, वार्षिक अहवालालाही तोच कामाला येईल. दहा-बीडी अजून भरायचा आहे.

तक्रारी आल्या, त्याही लिहिते. ब्राह्मणशाही आणि रामडोह आळीतली मंडळी विचारतात, फेरी आमच्या घाटावर का नाही आली? वेळ नव्हता, हे उत्तर त्यांना मान्य नाही आणि त्यांचं बरोबर आहे. सात घाट दोन सकाळींत विभागायला हवे होते, असं आता मंडळालाही वाटतंय. महिलांसाठी घाटाजवळ स्वच्छतागृहाची सोय अपुरी होती. यंदा जागा ठरवताना आधी तेच बघणार आहोत.

सध्या ग्रंथपालताईंपुढे वेगळाच पेच आहे. सत्रांचं रेकॉर्डिंग दाखल नोंदवहीत चढवायचं कसं? लेखकाच्या रकान्यात काय लिहायचं, पृष्ठसंख्या किती, किंमत किती? तूर्त त्यांनी प्रत्येक वक्त्याचं नाव लेखक म्हणून घातलंय. त्यामुळे हळदीच्या मावशी आमच्या नोंदवहीत रीतसर लेखिका आहेत. नकाशा वाचन कक्षाच्या भिंतीवर पुरत नाही, तो अर्धा गुंडाळून टांगलाय. उरलेला बघायचा तर ताईंना सांगा, त्या सोडून दाखवतात. रेकॉर्डिंग वाचनालयात बसून कोणालाही ऐकता येतं, सभासद असायची गरज नाही. हेडफोन मात्र स्वतःचे आणा. आमच्याकडे एकच आहे आणि त्याचा डावा कान चालत नाही.